रातांधळेपणा, जीवनसत्त्व आणि दहा लाख बालके : लखनौच्या चौकातील वैद्यकीय संशोधनाचा एक अध्याय

गोल दरवाजापासून अकबरी दरवाजापर्यंत पसरलेला लखनौचा चौक साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे तो चिकनकाम, अत्तरे, कोठे आणि उर्दू काव्य यांच्यामुळे. हिंदी कादंबरीकार अमृतलाल नागर याच वस्तीत राहिले आणि १९५६ मधील 'बूँद और समुद्र' या कादंबरीत त्यांनी याच वस्तीचे जीवन चितारले. मराठीशी नागरांचे नाते याहूनही जवळचे आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' त्यांनी 'आँखों देखा गदर' या नावाने हिंदीत नेला. वैद्यकाच्या इतिहासात मात्र चौकाचे स्थान वेगळ्या कारणाने आहे. या एकाच परिसरात, नऊ वर्षांच्या अंतराने, दोन वैद्यकशाळा उभ्या राहिल्या आणि दोघींनी रोग्याकडे पाहण्याच्या दोन भिन्न रीती जोपासल्या.

पहिली झवाई टोल्याची. हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये तेथे तकमील-उत-तिब्ब ही युनानी वैद्यकाची शाळा स्थापन केली. शरीररचना आणि शस्त्रक्रिया यांना अभ्यासक्रमात स्थान देऊनही या घराण्याने तिब्बच्या शुद्धतेचा आग्रह सोडला नाही. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी आयुर्वेदाशी जी जवळीक साधली, ती लखनौला मानवणारी नव्हती. दुसरी संस्था म्हणजे किंग जॉर्ज मेडिकल कॉलेज. १९०५ च्या डिसेंबरात तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते तिची कोनशिला बसली, सर स्विंटन जेकब यांच्या आराखड्यानुसार घुमटांची इमारत उभी राहिली आणि १९११ मध्ये अध्यापन सुरू झाले. आरंभी अलाहाबाद आणि १९२१ पासून लखनौ विद्यापीठाशी संलग्न असलेले हे महाविद्यालय २००२ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्यानंतरच्या दशकात काही वर्षे त्याला छत्रपती शाहूजी महाराज यांचे नाव होते. २०१२ मध्ये जुने नाव परत आले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना 'राजर्षी' ही पदवी १९१९ मध्ये मिळाली ती कानपूरच्या कुर्मी महासभेत, हे लक्षात घेतले म्हणजे ते नाव लखनौपर्यंत पोहोचणे फारसे अनपेक्षित वाटत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय ज्या संशोधनाशी निगडित आहे, ते या नामांतरांच्या काळातच पार पडले.

हे संशोधन 'अ' जीवनसत्त्वासंबंधी आहे. त्याची कथा मात्र जीवनसत्त्व या संकल्पनेहून कितीतरी जुनी असून ती डोळ्यापासून सुरू होते.

संध्याकाळ होताच दृष्टी मंदावण्याच्या विकाराला मराठीत रातांधळेपणा म्हणतात, हिंदीत रतौंधी, उर्दू तिब्बमध्ये शबकोरी, संस्कृतात नक्तान्ध्य. चारही शब्दांची घडण एकच आहे : रात्र आणि अंधत्व. या विकारावरचा उपायही भाषेच्या सीमा ओलांडताना फारसा बदललेला दिसत नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात बोकडाचे यकृत सांगितले आहे. हिपोक्रेटसच्या नावावर असलेल्या ग्रंथसमूहात बैलाचे कच्चे यकृत मधासह खावे असा सल्ला आहे. कोणी कोणाकडून घेतले हा प्रश्न येथे फलदायी नाही. रातांधळेपणा ही कुपोषित समाजांची सार्वत्रिक व्यथा होती आणि यकृताने गुण येतो ही गोष्ट निरीक्षणाने अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे कळण्याजोगी होती. तौलनिक साहित्याभ्यासात 'प्रभाव' आणि 'साधर्म्य' यांत जो भेद केला जातो, त्यातील दुसऱ्या बाजूचे हे चांगले उदाहरण आहे. या परंपरांना जीवनसत्त्व ठाऊक होते, असा दावा मात्र त्यातून काढता येत नाही. त्यांना ठाऊक होते ते एवढेच, की रात्री न दिसणाऱ्या माणसाला यकृत दिले असता त्याला दिसू लागते.

१९१३ मध्ये अमेरिकेत मॅक्कॉलम आणि मार्गरीट डेव्हिस यांनी लोणी आणि अंड्याचा बलक यांतील स्निग्धविद्राव्य घटक वेगळा ओळखला. त्यालाच पुढे 'अ' जीवनसत्त्व हे नाव मिळाले. १९३३ मध्ये जॉर्ज वॉल्ड यांना ते दृष्टिपटलात आढळले आणि यकृताच्या जुन्या उपायाचे कारण स्पष्ट झाले. शरीर या जीवनसत्त्वाचा साठा यकृतात करते. म्हणूनच प्राण्याचे यकृत खाऊन गुण येतो, आणि म्हणूनच मुलाला एकदाच मोठी मात्रा दिली तर ती त्याच्या यकृतात साठून काही महिने पुरते. दर सहा महिन्यांनी मोठी मात्रा देण्याच्या आधुनिक कार्यक्रमाचा पाया हाच आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत या पद्धतीची क्षेत्रीय चाचणी झाली आणि १९७० मध्ये भारतात बालकांचे पोषणजन्य अंधत्व टाळण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याचे उद्दिष्ट डोळा हेच होते. त्या काळी या संस्थेची धुरा सांभाळणारे सी. गोपालन हेच पुढे मोठ्या मात्रांच्या सरसकट वाटपाचे ठाम टीकाकार झाले आणि आहारातूनच हा प्रश्न सुटावा असे मांडत राहिले. संस्थापकानेच आपल्या कृतीचा फेरविचार करणे भारतीय विज्ञानाच्या इतिहासात वारंवार घडलेले नाही. या कथेत ते दोनदा घडते, म्हणून येथे त्याची नोंद केली आहे.

१९८० च्या दशकात या कथेला अनपेक्षित वळण मिळाले. इंडोनेशियात डोळ्यांच्या कोरडेपणाचा अभ्यास करणारे अमेरिकन नेत्रतज्ज्ञ आल्फ्रेड सॉमर यांना आपल्या नोंदी तपासताना असे आढळले, की ज्या मुलांच्या डोळ्यांत या विकाराची सौम्य चिन्हेही आहेत ती इतरांपेक्षा पुष्कळ अधिक प्रमाणात दगावतात. १९८३ मध्ये हे निरीक्षण प्रसिद्ध झाले. १९८६ मध्ये सुमात्रातील आचे प्रांतात ४५० गावांवर केलेल्या चाचणीत सहामाही मात्रेमुळे बालमृत्यू ३४ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष पुढे आला. डोळ्याचे औषध प्राण वाचवणारे ठरले. अत्यंत स्वस्त कुपीत जीव सामावलेला आहे ही कल्पना मोहक होती आणि निधी देणाऱ्या संस्थांना ती भावली यात नवल नाही.

भारतातून आलेली उत्तरे मात्र परस्परविरोधी होती. १९९० मध्ये तमिळनाडूतील चाचणीने, जिथे दर आठवड्याला लहान मात्रा दिली गेली होती, मृत्यूंत ५४ टक्के घट दाखवली. त्याच वर्षी हैदराबादजवळच्या चाचणीत सहामाही मोठ्या मात्रेचा मृत्यूंवर काहीच परिणाम दिसला नाही. १९९३ मध्ये अशा आठ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण होऊन २३ टक्के ही सरासरी निघाली आणि हा आकडा पुढील दोन दशके जागतिक आरोग्यधोरणात प्रमाण मानला गेला. हैदराबादचे 'नाही' सरासरीत विरघळून गेले. पूर्वीच्या चाचण्यांत एकेका ठिकाणी मुले काही हजारांच्या घरात होती, मृत्यू मोजकेच होते, आणि थोड्या मृत्यूंचा हिशोब योगायोगाने सहज डळमळतो, ही अडचण संख्याशास्त्रज्ञांना जाणवत होती. उत्तर हवे असेल तर मुलांची संख्या हजारांत नव्हे, लाखांत हवी होती.

या टप्प्यावर कथा चौकात येते. किंग जॉर्ज महाविद्यालयाच्या बालरोग विभागातील शाली अवस्थी आणि ऑक्सफर्डचे संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पीटो यांनी उत्तर प्रदेशातील ७२ ग्रामीण विकासखंडांत एक चाचणी आखली. जंतनिर्मूलन आणि वाढीव 'अ' जीवनसत्त्व या अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून तिला जे नाव मिळाले त्याचा उच्चार 'देवता' असा होतो. हे नाव योगायोगाने जुळले की जुळवले गेले, कोण जाणे. पण ज्या प्रदेशात गोवराला आणि देवीला मातेच्या रूपात पाहिले जात होते, तिथे ते अगदीच परके वाटले नसावे. १९९९ ते २००४ या पाच वर्षांत १ ते ६ वर्षे वयाची सुमारे दहा लाख मुले तिच्यात सामील होती. यादृच्छिक चाचण्यांच्या इतिहासात ही सर्वांत मोठी मानली गेली.

तिची रचना साधी होती आणि तिचे वैशिष्ट्यही या साधेपणातच आहे. ७२ विकासखंडांचे प्रत्येकी १८ चे चार गट पाडले गेले. एका गटातील मुलांना सहा महिन्यांतून एकदा दोन लक्ष एककांची जीवनसत्त्वाची कुपी, दुसऱ्यातील मुलांना ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल ही जंताची गोळी, तिसऱ्यात दोन्ही, चौथ्यात नेहमीची व्यवस्था तेवढी. नवे दवाखाने उभारले गेले नाहीत. १९७५ च्या २ ऑक्टोबरपासून चालू असलेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या ८,३३८ अंगणवाड्या हेच तिचे क्षेत्र होते आणि अंगणवाडी सेविका हेच तिचे हात. कुपीचे टोक कापून तेलकट थेंब मुलाच्या तोंडात पिळायचे, एवढीच कृती. शाळेत शिकलेल्या वैद्यकाला जे करावे लागते, म्हणजे रोग्याला विचारणे, तपासणे, निदान सांगणे, त्यातील काहीच येथे आवश्यक नव्हते. थेंब बोलत नाही आणि त्याला काही विचारावे लागत नाही. इतक्या मोठ्या विस्तारात ही चाचणी शक्य झाली याचे हे एक कारण.

निष्कर्ष २०१३ च्या मार्चमध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. पाच वर्षांत सुमारे २५ हजार मृत्यूंची नोंद झाली होती. जीवनसत्त्व दिलेल्या विकासखंडांत प्रत्येक अंगणवाडीमागे सरासरी ३.०१ मृत्यू झाले, न दिलेल्यांत ३.१५. दोहोंचे गुणोत्तर ०.९६, म्हणजे चार टक्क्यांची घट, आणि तीही योगायोगाच्या कक्षेतली, कारण संख्याशास्त्रीय मर्यादा ०.८९ ते १.०३ अशा होत्या. या मर्यादांचा अर्थ नीट वाचला पाहिजे. त्या असे सांगत नाहीत की जीवनसत्त्व निरुपयोगी आहे. घट ११ टक्क्यांपर्यंत असू शकते, शून्यही असू शकते, पण २३ टक्के असण्याची शक्यता जवळपास नाही, एवढेच त्या सांगतात. मृत्यूच्या कोणत्याही विशिष्ट कारणावर स्पष्ट परिणाम दिसला नाही.

याच चाचणीत दुसरा एक निष्कर्ष होता, ज्याची चर्चा फार कमी झाली. जीवनसत्त्व मिळालेल्या मुलांच्या रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे एक षष्ठांशाने वाढले होते. तीव्र कमतरता असलेल्यांचे प्रमाण १३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उमटणारे, बिटॉटचे डाग म्हणून ओळखले जाणारे राखी चट्टे तुलनागटात ३.५ टक्के मुलांत होते, जीवनसत्त्वाच्या गटात १.४ टक्क्यांत. म्हणजे जे झवाई टोल्याच्या हकिमाला, सुश्रुताच्या टीकाकाराला आणि हिपोक्रेटसच्या शिष्याला मान्य होते, की या द्रव्याचा संबंध डोळ्याशी आहे, ते दहा लाख मुलांच्या मोजणीतही टिकले. टिकले नाही ते १९८६ नंतर त्याच्यावर चढलेले, प्राण वाचवण्याचे, दुसरे कथानक. किंवा निदान त्याचे वजन पुष्कळच घटले.

जंतांच्या बाबतीत घडले ते याहून विचार करायला लावणारे आहे. २००८ मध्ये अवस्थी, पीटो आणि सहकाऱ्यांनी लखनौ शहरातील ५० झोपडपट्टी क्षेत्रांतील एक चाचणी प्रसिद्ध केली होती. तीत दोन वर्षांत जंताच्या गोळ्या घेणाऱ्या मुलांचे वजन तुलनागटापेक्षा सुमारे एक किलोने अधिक वाढल्याचे नोंदले होते. योगायोगाने असा फरक पडण्याची शक्यता नगण्य होती. आणि त्याच संशोधकांची, त्याच महाविद्यालयाची, कैक पटींनी मोठी चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा ३ ते ६ वर्षांच्या मुलांच्या सरासरी वजनांत फरक होता फक्त ४० ग्रॅमचा (१२.७२ आणि १२.६८ किलो). मृत्यूंतही अर्थपूर्ण फरक आढळला नाही. आपल्याच पूर्वीच्या निष्कर्षाचा जवळजवळ अंत करणारे आकडे या संशोधकांनी स्वतः छापले. गोपालन यांच्यानंतर या कथेतील हे दुसरे आत्मखंडन होय.

अर्थात ते सहज झाले नाही आणि टीकेवाचूनही राहिले नाही. चाचणी २००४ मध्ये संपली, प्राथमिक निष्कर्ष २००७ च्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडले गेले, आणि पूर्ण प्रबंध यायला २०१३ उजाडले. दरम्यान २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना मोठ्या मात्रा देण्याची शिफारस पुन्हा केली. निबंध आल्यावर स्वतः सॉमर आणि सहकाऱ्यांनी आक्षेप घेतला. त्यांचा मुद्दा असा, की एवढ्या अफाट क्षेत्रावर देखरेख करणारी यंत्रणा फार तोकडी होती, आणि ८६ टक्के मुलांपर्यंत मात्रा पोहोचल्याचा दावा रक्तातील अल्प वाढीशी जुळत नाही. हा आक्षेप फेटाळण्यासारखा नाही. कुपी वाटली गेली आणि कुपी मुलाच्या पोटात गेली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मात्र त्याला प्रत्युत्तरही आहे : कुपी मुळीच पोहोचली नसती तर बिटॉटचे डाग निम्म्याहून कमी झाले नसते. आणि समजा पोहोचण्यातच उणीव राहिली असेल, तरी सरकारी कार्यक्रमही त्याच अंगणवाड्यांतून, त्याच हातांनी चालतो. मग चाचणीने औषधाची परीक्षा केली नाही असे म्हणता येईल, पण कार्यक्रमाची केली हे नाकारता येत नाही. या वादात दोन्ही पक्षांची बाजू पाहिली, तर अवस्थी-पीटो यांचे पारडे अधिक जड वाटते.

या निष्कर्षाचा एक परिणाम पुराव्याच्या हिशोबात मोजता येतो. आधीच्या आठ चाचण्यांबरोबर लखनौची चाचणी धरली असता अवस्थी आणि सहकाऱ्यांना मृत्यूंतील घट ११ टक्के मिळाली. 'अ' जीवनसत्त्वाविषयीच्या कॉक्रेन समीक्षेने २०१० च्या आवृत्तीत ही घट २४ टक्के सांगितली होती. २०१७ च्या आवृत्तीत, लखनौचे आकडे मिळाल्यावर, ती १२ टक्क्यांवर आली. एका जिल्ह्याच्या नव्हे, एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या कामाने जगाचा आकडा निम्म्यावर आणला.

साहित्याच्या अभ्यासकाला या ठिकाणी फ्रँको मोरेत्ती यांनी २००० मध्ये 'दूरस्थ वाचन' ही संकल्पना मांडताना घेतलेली भूमिका आठवल्यावाचून राहणार नाही. जवळून वाचलेल्या थोड्या ग्रंथांवर उभे केलेले सिद्धान्त हजारो ग्रंथांच्या मोजणीपुढे टिकतात काय, हा त्यांचा प्रश्न होता. वैद्यकाने हाच प्रश्न वेगळ्या साधनांनी विचारला होता. तुलना येथे थांबवली पाहिजे, कारण कादंबरी वाचली गेली नाही म्हणून कोणी मरत नाही.

जवळून वाचण्याची एक परंपरा याच काळात महाराष्ट्रातही उभी राहत होती. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था स्थापन केली. त्यांनी आखलेल्या चाचणीत ३९ गावांत आरोग्यदूत बाळंतिणीच्या घरी जात, बाळाला ऊब देत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखत आणि गरज पडल्यास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही देत. ४७ गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने छापले. या कार्यात भाषेला मध्यवर्ती स्थान होते. मूल कशाने गेले हे जाणण्यासाठी घरच्यांना प्रश्न विचारून त्यांच्या कथनातून कारण ठरवण्याच्या 'मौखिक शवपरीक्षे'चे निकष बंग यांनी १९९२ मध्ये मांडले. आईने सांगितलेली मुलाच्या शेवटच्या दिवसांची हकीकत येथे वैद्यकीय दस्तऐवज ठरते. महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयीच्या त्यांच्या अहवालाला 'कोवळी पानगळ' असे काव्यात्म शीर्षक मिळाले आणि ते मराठीत रूढ झाले, हेही येथे नोंदण्याजोगे आहे. कुपीच्या थेंबाला जे गरजेचे नव्हते, ते सारे येथे आवश्यक होते.

चौकातील महाविद्यालयालाही ही दुसरी वाट अपरिचित नव्हती. रायबरेली जिल्ह्यातील शिवगड येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि किंग जॉर्ज विद्यापीठ यांच्या सहकार्याने, विश्वजीत कुमार यांच्या नेतृत्वाखाली, सुमारे एक लाख लोकसंख्येत झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहलेखकांत अवस्थी होत्या. तेथे औषध नव्हते. बाळाला जन्मताच आंघोळ न घालणे, आईच्या त्वचेशी धरून ऊब देणे, पहिले दूध न टाकणे या गोष्टी घरोघरी बोलून पटवायच्या होत्या आणि त्या बोलण्याची भाषा गावच्या समजुतींतून घडवलेली होती. नवजात मृत्यूंत ५४ टक्के घट नोंदली गेली. एकाच महाविद्यालयाच्या छत्राखालील दोन चाचण्या शेजारी ठेवल्या तर एक निष्कर्ष हातात यावा असा मोह होतो, की शब्द थेंबापेक्षा प्रभावी ठरला. तो तसाच स्वीकारणे मात्र घाईचे होईल. शिवगड म्हणजे ३९ ग्रामसमूह; 'देवता' म्हणजे ७२ विकासखंड. नवजात शिशूचा मृत्यू आणि दोन वर्षांच्या मुलाचा मृत्यू यांची कारणे भिन्न असतात. आणि हरयाणात शासकीय यंत्रणेमार्फत घरभेटींसह बालचिकित्सेचा असाच कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबवला गेला, तेव्हा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत नवजात मृत्यूंची घट ९ टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि तीही योगायोगाच्या मर्यादेत. म्हणजे थेंबही विस्तारात क्षीण झाला आणि शब्दही. क्षीण होण्याचे कारण थेंबाच्या ठिकाणी अद्याप वादग्रस्त आहे. शब्दाच्या ठिकाणी मात्र ते उघड दिसते. गडचिरोलीच्या आरोग्यदूताला गावातील प्रत्येक बाळंतीण ओळखीची असते. सरकारी यंत्रणेत ती ओळख नेमणूकपत्राबरोबर मिळत नाही. तरीही २०११ मध्ये केंद्र शासनाने 'आशा' कार्यकर्तीमार्फत नवजात शिशूच्या घरभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला, तो मुख्यतः गडचिरोलीच्या आधारावर.

नागरांच्या कादंबरीचे शीर्षक येथे पुन्हा आठवते. व्यक्ती म्हणजे थेंब आणि समाज म्हणजे समुद्र, असा तिचा आशय सर्वसाधारणपणे सांगितला जातो. दहा लाख मुलांच्या चाचणीत एकाही मुलाचे नाव नाही आणि असूही नये. पण ज्या अंगणवाडीत पाच वर्षांत तीन मृत्यू नोंदले गेले, तिथल्या सेविकेला त्या तिन्ही मुलांची नावे ठाऊक असणार. आकडा ३.०१ की ३.१५ हा भेद तिच्या दृष्टीने निरर्थक आहे, आणि 'लॅन्सेट'च्या वाचकाच्या दृष्टीने तोच सर्व काही आहे. या दोन ज्ञानांपैकी एक खरे आणि दुसरे खोटे असे ठरवण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. चाचणी मात्र दुसऱ्याच ज्ञानाने चालते, आणि पहिल्यावाचून तिला तिचा एकही आकडा मिळत नाही.

चिकित्सेवर याचा प्रत्यक्ष परिणाम काय झाला, हे पाहिले तर अपेक्षाभंग होण्याची शक्यता आहे. जंतनिर्मूलनाने मुलांचे वजन वाढत नाही आणि मृत्यू घटत नाहीत असे लखनौने २०१३ मध्ये दाखवले. १० फेब्रुवारी २०१५ रोजी भारतात पहिला राष्ट्रीय जंतनाशक दिन साजरा झाला. जंत काढून टाकणे हेच पुरेसे उद्दिष्ट आहे, असे त्याचे समर्थन करता येते, आणि ते चुकीचेही नाही. पण समर्थनातील वजनवाढीचा दावा मागे घेतल्याची घोषणा कोणी केली नाही. 'अ' जीवनसत्त्वाच्या बाबतीत २००६ पासून नऊ महिने ते पाच वर्षे या वयात नऊ मात्रा देण्याचे धोरण ठरलेले होते. २०१३ नंतरही ते रद्द झाले नाही. २०१६–१८ च्या समग्र राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे १८ टक्क्यांत या जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. या विकाराला गंभीर सार्वजनिक समस्या मानण्याची रेषा २० टक्क्यांवर आखलेली असल्यामुळे सरसकट मात्रांऐवजी गरज असलेल्या भागांतच त्या द्याव्यात, हा गोपालन यांच्या जुन्या मताशी मिळताजुळता विचार पुन्हा पुढे आला. गोवर झालेल्या किंवा डोळ्यांत लक्षणे दिसणाऱ्या बालकाला ही मात्रा देण्याविषयी मात्र कोणत्याच बाजूचे दुमत नाही. उपचाराची ही जुनी जागा वादाच्या काळातही अबाधित राहिली.

मात्रेचे रूप आता कुपीऐवजी चमच्याने मोजायच्या औषधाचे आहे. नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर एक मिलिलिटर, पुढे प्रत्येक सहा महिन्यांनी दोन मिलिलिटर. लस टोचून रडणाऱ्या मुलाला आई कडेवर सावरून धरते आणि परिचारिका त्याच्या उघड्या तोंडात पिवळसर तेलकट द्रव सोडते. ते डोळ्यांसाठी आहे, असे तिला विचारले तर ती सांगते.